हाताचं काम पायावर

आज आपण संगणकाबद्दल बोलणार आहोत, पण तो पायाने कसा चालवायचा याबद्दल.

आपल्यातल्या कितीतरी जणी आता गटाच्या नोंदी संगणकावर भरतात. कुणी सेवा केंद्रात दाखल्यांचे अर्ज भरतात. त्याच हातांनी सकाळी धारा काढलेल्या असतात, भाकऱ्या थापलेल्या असतात, धुणं पिळलेलं असतं. वर दिवसभर माउसचं बटण दाबायचं, मग मनगट ठणकणारच. काही जणी मुकाट्याने सोसतात, काही जणी काम सोडतात. दुखणं राहतं आणि हातची कमाईही जाते.

आता शिलाई मशीन आठवा. हात कापड सरकवतात, पाय पायडल मारतात. संगणकालाही असं पायडल मिळतं. माउसची वायर जिथे लावतो, तिथेच तेही जोडायचं. पायडल दाबलं की कोणतं बटण दाबल्यासारखं व्हावं, हे एकदा ठरवून घ्यायचं. ध्वनिफीत ऐकून टंकलेखन करणारे लोक आवाज थांबवायला आणि मागे न्यायला अशी पायडलं फार वर्षांपासून वापरत आले आहेत.

पायाला बोटांइतकं बारीक काम जमत नाही. म्हणून माउस हातानेच सरकवा, क्लिक तेवढं पायाने करा. टाच जमिनीवर टेकलेली हवी, दाब फक्त चवड्याचा. पाय अधांतरी ठेवलात तर पोटरी भरून येईल. पायडल घसरू नये म्हणून खाली रबरी चटई घाला. मधूनमधून पाय बदला, उठून दोन पावलं चाला.

पायडल नसेल तरी एक सोय फुकट आहे. विंडोजच्या संगणकावर शिफ्टचं बटण ओळीने पाच वेळा दाबा आणि विचारेल तिथे होकार द्या. मग दोन-तीन बटणं एकदम दाबून धरावी लागत नाहीत, एकामागून एक दाबली तरी चालतात.

मात्र अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होत असतील, रात्री मुंग्यांनी जाग येत असेल, तर मनगटातली शीर दबलेली असू शकते. तेव्हा पायडलच्या भरवशावर राहू नका, डॉक्टरांना दाखवा.

येत्या बैठकीत हा विषय घ्या. गटाच्या संगणकाला एक पायडल घेतलं, तर पाळीपाळीने सगळ्यांना वापरता येईल. शेतात खुरपं बोथट झालं तर आपण धार लावतो, बाईला घरी पाठवत नाही. इथेही तसंच करूया.