स्वनातीत विमानाचा पंख

ध्वनीहून मंद गतीने जाणाऱ्या विमानाच्या आगमनाची वर्दी पुढच्या हवेला आधीच मिळालेली असते, कारण त्याने उत्पन्न केलेले दाबाचे तरंग ध्वनीच्या वेगाने त्याच्या पुढे धावत असतात. परंतु विमानच ध्वनीला मागे टाकू लागले म्हणजे ही वर्दी पोहोचेनाशी होते, बेसावध हवा एकाएकी दाबली जाते, आणि त्यातून उठणाऱ्या आघात-तरंगांचा सारा खर्च इंजिनाच्या नावे पडतो.

हा खर्च आटोक्यात ठेवावयाचा तर पंख पातळ हवा, किंवा तिरपा हवा. 1935 साली रोम येथे भरलेल्या परिषदेत आडोल्फ बुझेमान या जर्मन शास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले की, पंख मागे कलविला असता त्याच्या कडेवर काटकोनात येणारा वाऱ्याचा अंशच काय तो परिणामकारक ठरतो. अमेरिकेच्या स्टारफायटरने पहिला मार्ग पत्करला: पंख आखूड, जवळजवळ सरळ, पण कड इतकी धारदार की विमान जमिनीवर उभे असताना तिच्यावर आवरण घालण्याचा बंदोबस्त करावा लागे.

माझ्या मते अशा पंखाची खरी कसोटी विमान उतरताना लागते. ध्वनीच्या दुप्पट वेगाला दाबतरंगांचा शंकू उड्डाणाच्या दिशेशी 30 अंशांचा कोन करतो. त्याच्या आत मावेल असा अरुंद त्रिकोणी पंख घ्यावा, तर धावपट्टीजवळच्या मंद गतीत तो विमान तोलून धरण्यास अपुरा पडतो. आपल्या ओझरच्या कारखान्यात तयार झालेल्या, त्रिकोणी पंखाच्या मिग-21 चा उतरतानाचा वेग म्हणूनच इतका धास्तावणारा असे.

कॉन्कॉर्डच्या बाबतीत या अडचणीतून जी वाट निघाली, ती मला विलक्षण वाटते. पंखावरून हवेचा प्रवाह सुटला की विमान कोसळते, हा वैमानिकांचा जुना धडा. पण फार्नबरोचे डीट्रिश क्यूखेमान, योहाना वेबर आदी संशोधकांनी तो प्रवाह पंखाच्या धारदार कडेवर मुद्दाम सुटू द्यावयाचे ठरविले, म्हणजे तो गुंडाळत जाऊन प्रत्येक पंखावर एक स्थिर भोवरा तयार होतो आणि भोवऱ्यातील कमी दाब पंखाला वर ओढून धरतो. 1961 साली हँडली पेज 115 हे छोटेसे विमान केवळ अशा पंखाचे मंद गतीतील वर्तन तपासण्यासाठी उडविण्यात आले. 2 मार्च 1969 रोजी तुलूझहून उडालेल्या कॉन्कॉर्डला म्हणूनच मागील आडवी शेपटी नव्हती, की पंखांच्या झडपाही नव्हत्या. मात्र हा भोवरा साधण्यासाठी नाक बरेच उंच धरूनच उतरावे लागे, वैमानिकाला समोरची धावपट्टी दिसत नसे, आणि सबब विमानाचे नाकच खाली वाकविता येईल अशी तजवीज अभियंत्यांना करावी लागली.