फी भरण्याआधी

बारावीचा निकाल लागला की आमच्या नवी मुंबईत जिकडेतिकडे कॉलेजांच्या जाहिराती झळकतात. ‘सर्वोच्च पॅकेज’ म्हणून एक भला मोठा आकडा असतो. फीचा आकडा मात्र शोधूनही सापडत नाही.

आमच्या शेजारी एक रिक्षावाले राहतात. त्यांची मुलगी असंच एक माहितीपत्रक घेऊन आली. म्हणाली, ‘चाचा, अब्बू कर्ज काढायला तयार आहेत. घेऊ का प्रवेश?’ मी साधा बी.ए. झालेला कवी. पण गझल लिहिणाऱ्याला मात्रा मोजाव्याच लागतात. आम्ही दोघं संगणकासमोर बसलो.

केंद्र सरकार २०१६ पासून उच्च शिक्षणसंस्थांची क्रमवारी जाहीर करतं. तिला ‘एनआयआरएफ’ म्हणतात. कोण कितवं आलं, हे वर्तमानपत्रांत येतं. पण त्यामागची माहिती जास्त कामाची. भाग घेणाऱ्या संस्थेला ती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते.

तिथे आधी पाहावं, मंजूर जागा किती आणि प्रत्यक्ष विद्यार्थी किती. मग पाहावं, गरीब घरची मुलं किती आणि किती जणांची पूर्ण फी सरकार किंवा संस्था भरते. पगाराचा तिथला आकडा ‘मध्यक’ असतो, म्हणजे नोकरी लागलेल्यांपैकी निम्म्यांना त्याहून कमी मिळालं. एकूण किती जणांना नोकरी लागली, तेही शेजारीच असतं. शेवटी संशोधन: पीएच.डी. किती झाल्या, प्रकल्पांना पैसा किती आला. जिथे शिक्षक स्वतः शोध घेतात, तिथे विद्यार्थ्यालाही प्रश्न विचारायची सवय लागते.

हे आकडे संस्थाच देतात. म्हणून तीन वर्षांचे ताडून पाहावेत आणि तिथल्या मुलांनाही विचारावं.

खासगी विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. २०२४ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास व इतर मागास वर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. पण खासगी अभिमत विद्यापीठांना ही माफी लागू नाही. पाटीवरचा ‘अभिमत’ हा एक शब्द घराचं गणित बदलू शकतो. मुलीनं तो वहीत अधोरेखित केला आणि कर्जाचा अर्ज बाजूला ठेवून दुसऱ्या दोन कॉलेजांचे आकडे उतरवायला घेतले.

अशी पडताळणी समाजानंही करावी. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी आहेत. त्यांत मुस्लिम सुमारे २१ लाख, म्हणजे शंभरात पाच. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतला वाटा मात्र शंभरात चौदा होता. उरलेली मुलं कुठे थांबली, हे मोहल्ल्यामोहल्ल्यांत विचारायला हवं.

ही माहिती सर्वांना खुली आहे, तिला पैसे पडत नाहीत. इंग्रजी अडली, तर शेजारच्या शिकलेल्या मुलाला हाक मारा. पण पैसे भरण्याआधी एक संध्याकाळ तिला द्या.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)