ज्युनिपर : एका नावाची हकिगत



मी वनस्पतिशास्त्राचा पंडित नव्हे. सातवीवर शाळा सुटली आणि मी कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यात लागलो. आमच्याकडे त्या कारखान्याला 'जीन' म्हणतात. पुढे एका पुस्तकात वाचले, की 'जिन'पायी लंडनचे मजूर देशोधडीला लागले. मी चक्रावलो. सरकी काढायचे यंत्र माणूस पिणार कसा? शब्दकोश उघडला तेव्हा उलगडा झाला. कापसाचे जीन म्हणजे 'एंजिन' ह्या शब्दाचा तुकडा. दारूची जिन मात्र ज्युनिपर नावाच्या झाडाची लेक.

लॅटिन 'जुनिपेरुस'पासून फ्रेंच 'जनिएव्र' झाले, त्याचे डचांनी 'येनेव्हर' केले, आणि इंग्रजांनी शेपूट छाटून 'जिन' ठेवले. जिनिव्हा शहराशी तिचे नाते काही नाही. ह्या झाडाच्या निळसर-काळ्या फळांचा वास तिला देतात, एवढेच. अठराव्या शतकात ती लंडनात इतकी स्वस्त झाली, की १७३६ आणि १७५१ साली पार्लमेंटला कायदे करावे लागले. १७५१ सालीच हॉगार्थने चित्र काढले : आई झिंगलेली, आणि मूल तिच्या हातून खाली पडते आहे. मजुराच्या घामाचे पैसे कुठे जातात हे पाहिलेल्या माणसाला ते चित्र विसरता येत नाही.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ काय? सातव्या शतकातला सेव्हिलचा बिशप इसिदोर सांगे, की ह्या नावात ग्रीक भाषेतला 'अग्नी' दडला आहे, कारण ह्या लाकडाचे निखारे त्याच्याच राखेत झाकले तर वर्षभर विझत नाहीत! आजचे भाषाशास्त्री हे मानत नाहीत. मला मात्र इसिदोरबुवांचा राग येत नाही. नावात गुण शोधण्याची खोड आपल्यालाही आहेच. लडाखात ह्या झाडाला 'शुक्पा' म्हणतात, धूप म्हणून जाळतात, आणि हेमिस शुक्पाचन ह्या गावाचे नावच त्याच्यावरून पडले.

पण नाव चुकले तर? अमेरिकेतल्या एका ज्युनिपरला तिथले लोक 'सीडर' म्हणतात. खरे सीडर म्हणजे आपल्या देवदाराचे गोत्र. हे लाकूड मऊ, सरळ रेषांचे, चाकूने सहज तासले जाणारे. म्हणून पेन्सिली त्याच्याच झाल्या. फ्लॉरिडातल्या सीडर की ह्या गावी पेन्सिलीच्या पट्ट्या कापणाऱ्या गिरण्या निघाल्या. जंगल संपत आले, आणि १८९६ च्या वादळाने गिरण्याही नेल्या. मग गाव ताडवर्गातल्या झाडाच्या तंतूंचे ब्रश करू लागले. गावाचे नाव आजही तेच, चुकीचे.

झाडाला चुकीच्या नावाने फरक पडत नसेल, माणसाला पडतो. आमचा एक सभासद अकरा वर्षे यंत्र चालवीत होता, आणि हजेरीपटावर त्याचा हुद्दा 'मदतनीस'. पगारही मदतनिसाचा. तो एक शब्द बदलून घ्यायला आम्हांला चार वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. निकाल लागला तेव्हा तो निवृत्त झाला होता. फरकाची रक्कम मिळाली. पण यंत्रावरचा कारागीर म्हणून एक दिवसही त्याला भरता आला नाही.

असो. आपल्याकडे हे फळ काष्ठौषधींच्या दुकानात 'हाऊबेर' म्हणून मिळते. आयुर्वेदात त्याचे नाव हपुषा. बोरीशी त्याचा संबंध नाही. शास्त्रज्ञांच्या मते ते फळसुद्धा नव्हे, मांसल झालेला शंकू आहे. येताना थोडे आणले आहे. पुडी पहिल्या रांगेपासून फिरवतो. एखादे बोटांत चुरडून हुंगून पाहा.