सोयरीक, वारसा आणि जमिनीचे कागद





घराण्याचा इतिहास म्हटला की आपण वंशावळ उलगडतो. मूळ पुरुष, त्याचे पुत्र, पौत्र, प्रपौत्र असा तो वृक्ष वाढत जातो. त्या वृक्षावर लेकी नसतात आणि सुना असल्याच तर सासरच्या नावाने असतात. घराणी मात्र सोयरिकींनी जोडली जातात आणि जमीनही पुष्कळदा त्याच वाटेने हात बदलते. वंशावळीने गाळलेली ही लेक गोव्याच्या जमिनीच्या कागदांत सापडते, हे मला आज आपल्यापुढे मांडायचे आहे.

आरंभी थोडे दूर पाहू. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये राजाकडून थेट जमीन धारण करणारा माणूस वारला की राजाचा अधिकारी त्या भागातील जाणत्या लोकांना शपथेवर विचारीत असे : याची जमीन कोणती, हा कधी वारला, वारस कोण आणि त्याचे वय काय? तेराव्या शतकापासून सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत चाललेल्या या चौकशांचे कागद तेथील जमीनदार घराण्यांच्या अभ्यासाचा मोठा आधार आहेत. परंतु तेथे वारसा सामान्यतः थोरल्या मुलाचा. विधवेला हयातीपुरता तिसरा हिस्सा मिळे. मुलगा नसेल तरच मुली समान वाटेकरी होत आणि तेव्हाच त्यांची नावे कागदावर चढत. जमीन अखंड राहावी म्हणून इतर भावंडे कागदाबाहेर राहिली.

आपल्याकडचे जुने दप्तरही पुरुषवंशाचेच. गावकरीचा हक्क बापाकडून मुलाकडे जाई. अफोंसो मेशिया याने १५२६ साली नोंदवून घेतलेल्या फोरालात तिसवाडीच्या गावकरीच्या रूढी लेखी आल्या, त्याही याच वळणाच्या. सोळाव्या शतकात साष्टी-तिसवाडीकडील देवस्थाने धर्मच्छळामुळे खाडीपलीकडे आणली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा आणि वेर्णेची म्हाळसा आपल्या फोंडा महालात स्थिरावली. त्यांच्या महाजनांच्या याद्या म्हणजे घराण्यांची मोठी नोंदच. पण त्याही पुरुषांच्याच. फोंडा १७६३ मध्ये, डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. त्यामुळे या महालांचे जुने कागद बरेचसे मोडीत, तर पुढचे पोर्तुगीजमध्ये आहेत.

कागदांचे वळण बदलले ते पोर्तुगालच्या १८६७ च्या नागरी संहितेने. १ जुलै १८७० पासून ती गोव्यात लागू झाली. १६ डिसेंबर १८८० च्या हुकुमाने हिंदूंच्या काही चालीरीती राखल्या गेल्या. पण वारशाचे मुख्य सूत्र संहितेचेच राहिले. लग्नापूर्वी वेगळा करार झाला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता एक होते आणि तीत दोघांचा अर्धा-अर्धा वाटा असतो. मुलगा आणि मुलगी समान वारस असतात. मुले असलेल्या माणसाला मृत्युपत्राने आपल्या मालमत्तेच्या अर्ध्या भागाचीच मनाप्रमाणे व्यवस्था लावता येते. उरलेला अर्धा भाग मुलांसाठी राखीव राहतो.

याचा परिणाम दप्तरात दिसतो. भाटकार वारला की इन्व्हेंटरी, म्हणजे वारसा व वाटणीची न्यायालयीन कारवाई, सुरू होई. कुटुंबप्रमुख म्हणून नेमलेली व्यक्ती, पुष्कळदा विधवाच, शपथेवर वारस सांगे आणि मालमत्तेची यादी देई : कुळागर, भाट, शेत, घर, दागिने, देणे-घेणे. लेकीचे नाव येई आणि तिच्या वाट्यात नवराही भागीदार म्हणून जावयाचे नाव, गाव व घराणेही येई. एखादे कुळागर तोडून वाटण्याजोगे नसेल तर वारसांतच बोली लागे. जो ते घेई, तो इतरांना त्यांच्या हिश्शाचे पैसे देई. पेडण्याची लेक फोंड्यात किंवा डिचोलीची लेक साखळीत दिल्याचे वंशावळ सांगत नाही. वाटणीचा तक्ता सांगतो. विक्रीखतावरही पतीबरोबर पत्नीची सही लागते. एकेका खतातून दोन घराण्यांची सोयरीक अशी हाती येते.

हे वाचन सोपे नाही. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपली चाल. त्यामुळे जन्मनोंदीतील मुलगी जमिनीच्या कागदात दुसऱ्याच नावाने उभी राहते. ‘ऊर्फ’ हा शब्द दिसला की संशोधकाने तेथे थांबावे. पोर्तुगीज कारकुनाने शेणवीचे ‘सिनाय’ केले, प्रभूचे ‘पोरोबो’ आणि कामतचे ‘कामोतिम’. सख्ख्या भावांची आडनावेही दोन रीतींनी लिहिलेली आढळतात. म्हणून एका कागदावर भिस्त न ठेवता जन्म-विवाहाची नोंद, वाटणीचा तक्ता आणि जमीन नोंदणीचे पुस्तक ही तिन्ही शेजारी ठेवून पाहावीत. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पणजीच्या दप्तरखान्यात मोडी आणि पोर्तुगीज साधने एकत्र वाचण्याची जी शिस्त घालून दिली, तिचीच येथे गरज आहे.

आता मला खटकणारी गोष्ट सांगतो. कायद्याने दिलेला हिस्सा रूढीने परत घेण्याची एक सभ्य वाट आहे : हक्कसोडपत्र. वडील वारले की माहेरचे बोलावणे येते, जेवण होते आणि लेक-जावयाची सही घेतली जाते. “भावाशी कागद कशाला करायचा?” असे म्हणणारे घरही हा एक कागद मात्र नेमका करते. त्यामुळे दप्तरात लेक पुष्कळदा एकदाच दिसते, तीही हक्क सोडताना. स्वखुशीने सोडलेल्या हक्काबद्दल माझी तक्रार नाही. पण न वाचता केलेल्या सहीला स्वखुशी म्हणता येत नाही. हयात माणसाच्या भावी वारशावर आधीच पाणी सोडता येत नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. वारशाचे हे नियम आता २०१६ मध्ये अंमलात आलेल्या गोव्याच्या उत्तराधिकारविषयक कायद्यात आहेत आणि ते आपल्या भाषेत समजावून घेता येतात.

दुसरी चिंता कागदांचीच. खोट्या खतांनी जमिनी लाटल्याच्या तक्रारींसाठी राज्याला २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमावे लागले. जेथे वारस परगावी आहेत आणि घरात जुने पोर्तुगीज खत कोणाला वाचता येत नाही, तेथे असे फावते. आपली सोयरीक ठाऊक असणे म्हणजे आपला खरा वारस ठाऊक असणे.

म्हणून विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. आजीला तिचे माहेरचे नाव, गाव आणि तिच्या आईचे माहेर विचारा आणि लिहून ठेवा. घरच्या पेटीतल्या कागदांची वाळवी लागण्यापूर्वी प्रत करून घ्या. तुमच्यापैकी दोघांतिघांनी तरी मोडी शिका, एखाद्याने पोर्तुगीज शिका. आणि मुलींनो, उद्या तुमच्यापुढे एखादा कागद सहीसाठी आला तर तो आधी पूर्ण वाचा. या शाळेने तुम्हाला अक्षरओळख दिली आहे. तिचा तोही एक उपयोग आहे.