तंबाखूचा पैसा आणि घरची मजुरी
(निपाणी भागातील तंबाखू पिकविणाऱ्या मंडळींपुढे केलेले भाषण)



ज्वारी घरात खपते, तंबाखू विकावीच लागते. म्हणून ती विकली की हातात नोटा खुळखुळतात, आणि आपण तिला पैशाचे पीक म्हणतो. पण नोटा आल्या म्हणजे नफा झाला काय? एवढेच विचारायला मी आज उभा आहे.

पावसाच्या तोंडाला तरवा टाकायचा, रोप लावायचे, नांगे भरायचे, कोळपायचे, खुरपायचे. मग शेंडा खुडायचा. शेंडा खुडला की पानांच्या बेचक्यांतून फुटवे निघतात, ते पुन्हा पुन्हा मोडावे लागतात. राहिले तर पानाचा कस जातो. हे काम बहुतेक घरच्या बायापोरांचे. ओल्या पानाच्या चिकाने हात काळे होतात, मळमळते, घेरी येते. पुढे कापणी, वाळवण. आणि वाळलेले पान चुरते म्हणून पहाटेच्या दंवात उठून ते उलथायचे.

आता कोणालाही विचारा, खर्च किती आला? तो खत सांगेल, नांगरट सांगेल, रोजाचा गडी सांगेल. आणि बायको? "ती घरचीच की!"

समजा, घरची ३ माणसे हंगामात ६० दिवस राबली. झाल्या १८० मजुऱ्या. तीच माणसे दुसऱ्याच्या बांधावर गेली असती तर जी रोजी मिळती, ती आधी खर्चात मांडा. बैलांची वैरण मांडा, घरच्या उकिरड्याचे खत मांडा, जमीन स्वतःची असली तरी तिचा खंड मांडा, सोसायटीचे व्याज मांडा. मग उरेल तो नफा. पुष्कळांना तिथे वजाबाकीच दिसेल.

व्यापारी असा भोळा नाही. वखारीचे भाडे, दिवाणजीचा पगार, गुंतविलेल्या पैशाचे व्याज, पोते शिवायची सुतळीसुद्धा तो लिहितो. त्याच्या बायकोची मजुरी वहीत नसते, कारण ती वखारीत चाळण मारायला बसत नाही!

शिवाय घाई आपल्याला, त्याला नाही. आपला माल पावसाळ्यापर्यंत उघड्यावर ठेवला तर ओल धरतो, बुरसतो. तो खाता येत नाही, जनावरापुढे टाकता येत नाही. खरेदीदार खळ्यावर येतो, पान चुरगाळून वास घेतो, ओल म्हणून काही कापतो, माती म्हणून काही कापतो. ज्याला आपला खर्च ठाऊक नाही, तो त्याच्याशी कोणत्या तोंडाने घासाघीस करणार?

१९४३ पासून १९७९ पर्यंत कच्च्या तंबाखूवर सरकारची अबकारी होती. तेव्हा आपल्या मालाचे वजन सरकारच्या वहीत असे. आपल्या वहीत मात्र काहीच नसे, कारण वहीच नव्हती. पुढे १९८१ साली शरद जोशी यांच्या पुढारपणाखाली याच निपाणीत शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर बसले. मागणी रास्त भावाची होती. एप्रिलात गोळीबार झाला, शेतकरी प्राणांस मुकले. रास्त म्हणजे किती, हे खर्च लिहिल्यावाचून कसे ठरावे?

तेव्हा यंदा तरवा टाकण्याआधी एक वही आणा. शाळेत जाणाऱ्या मुलीच्या हाती द्या. रोज रात्री तिने लिहावे: आज कोण रानात गेले, किती वेळ, कोणत्या कामाला. आईचे नाव पहिले लिहावे. माल गेल्यावर बेरीज करा, आणि शेजारच्या सोयाबीनवाल्याची बेरीज तिच्या शेजारी ठेवा. पुढल्या साली त्या वावरात काय पेरायचे, ते मग घरच्या सर्वांनी, बायांनीसुद्धा, बसून ठरवावे.