अभियंता आणि त्याचे उत्तरदायित्व



आपल्या मुलामुलींनी संगणक अभियंता व्हावे, ही परदेशात स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांची इच्छा रास्तच आहे. परंतु त्या क्षेत्राचे शिखर गाठणाऱ्यास कोणत्या कसोटीस उतरावे लागते, याचा विचार आपण क्वचितच करतो. म्हणून ट्विटर या समाजमाध्यम कंपनीचे माजी मुख्य कार्यकारी अधिकारी पराग अग्रवाल यांच्या कारकिर्दीचा परामर्श येथे घ्यावा, असे आम्हांस वाटते.

मुंबईत शालेय शिक्षण घेतलेल्या अग्रवाल यांनी २००१ साली आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक मिळविले. २००५ साली ते पवईच्या आयआयटीतून संगणकशास्त्राचे पदवीधर झाले. पुढे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यांनी अनिश्चित स्वरूपाच्या माहितीची हाताळणी या विषयावर डॉक्टरेटसाठी संशोधन केले. २०११ साली ते साधे अभियंता म्हणून ट्विटरमध्ये रुजू झाले, तेव्हा कंपनीत हजारही माणसे नव्हती. २०१७ साली तंत्रज्ञान विभागाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले.

खरी कसोटी याच पदावर लागली. मोठ्या छायाचित्राचा कोणता भाग पडद्यावर दाखवायचा, हे ट्विटरची एक संगणकप्रणाली ठरवीत असे. माणसांची नजर चित्रात प्रथम कोठे जाते, या नोंदींवरून ती शिकविली होती. सप्टेंबर २०२० मध्ये सामान्य वापरकर्त्यांनी प्रयोग करून दाखविले की, एकाच चित्रात गोरा आणि कृष्णवर्णीय असे दोन चेहरे असता अनेकदा गोरा चेहरा राखला जातो आणि दुसरा कापला जातो. पुढच्याच महिन्यात अग्रवाल यांनी आपल्या सहकाऱ्यासह जाहीर लेखन करून, ही शक्यता आरंभीच ओळखावयास हवी होती, असे मान्य केले. मे २०२१ मध्ये कंपनीने स्वतःचे संशोधन प्रसिद्ध केले. समान वागणुकीच्या मापाने गोऱ्या चेहऱ्यांकडे ४ टक्क्यांचा झुकाव आढळला. चित्र कसे कापावे हा निर्णय यंत्राने नव्हे, माणसानेच घ्यावा, असा निष्कर्ष निघाला.

गोऱ्यांना झुकते माप द्यावे, असा आदेश त्या प्रणालीत कोणी लिहिला नव्हता. तरीही माणसे चौकटीबाहेर गेली. न लिहिलेले नियम माणसाला कसे बाहेर ठेवतात, हे आपल्या पिढ्यांनी सोसले आहे. म्हणूनच या प्रश्नाची जाण आपल्या मुलांना इतरांहून अधिक असावयास हवी.

२९ नोव्हेंबर २०२१ रोजी अग्रवाल मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. २७ ऑक्टोबर २०२२ रोजी इलॉन मस्क यांनी सुमारे ४४ अब्ज डॉलरला कंपनी ताब्यात घेतली आणि त्याच दिवशी त्यांना पदावरून दूर केले. अवघे अकरा महिने! पद भांडवलाच्या इच्छेवर अवलंबून होते. विद्या मात्र त्यांच्यापाशीच राहिली. २०२३ साली त्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात नवी कंपनी स्थापन केली.

तेव्हा आपण मुलांना केवळ पगाराचा आकडा विचारू नये. तू घडविलेल्या यंत्रातून कोण वगळले जाते, हेही विचारावे. आणि चूक दिसताच ती कबूल करण्याचे धैर्य त्यांच्या अंगी बाणवावे. आमच्या मते तीच खरी गुणवत्ता होय.

जय भीम!