क्रुसावरचा हिशेब



2013 साली अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन चर्चने उपासनेतल्या गीतांचे नवे पुस्तक काढले. गीते निवडायला पंधरा जणांची समिती नेमली होती. 2001 साली लिहिलेले 'इन ख्राइस्ट अलोन' हे गीत तोवर इंग्रजी बोलणाऱ्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत फार लोकप्रिय झाले होते, आणि समितीलाही ते हवेच होते. अडचण आली ती एका ओळीची. येशू क्रुसावर मेला तेव्हा देवाचा क्रोध शमला, अशा अर्थाची ती ओळ. दुसऱ्या एका पुस्तकात समितीला या गीताचा बदललेला पाठ सापडला होता. त्यात क्रोध गेला होता आणि त्या जागी देवाच्या प्रेमाचा महिमा आला होता. समितीला हा पाठ पसंत पडला. पण परवानगीची वेळ आली तेव्हा गीताचे कर्ते कीथ गेटी आणि स्टुअर्ट टाउनएंड यांनी साफ नकार दिला. घ्यायचे तर मूळ ओळीसह घ्या, नाहीतर सोडा. मग मतदान झाले, आणि सहाविरुद्ध नऊ मतांनी ते गीत पुस्तकाबाहेर राहिले.

एका ओळीपायी एवढे रामायण कशाला, असे कुणालाही वाटेल. पण त्या ओळीत ख्रिस्ती धर्मातला एक फार जुना वाद दडलेला आहे. येशू आपल्यासाठी मेला, यावर कॅथलिक, प्रोटेस्टंट, ऑर्थोडॉक्स सगळ्यांचे एकमत आहे. मात्र कुणीतरी दोन हजार वर्षांपूर्वी यरुशलेमच्या वेशीबाहेर मेला, त्याने माझे तारण कसे होते, असे विचारले की वाटा फुटतात.

नवल म्हणजे, सुरुवातीच्या शतकांतल्या सार्वत्रिक धर्मसभांनी यावर कधी निकालच दिला नाही. 325 साली निकियाला आणि 451 साली खाल्किदोनला बिशप जमले. येशू देव की माणूस, पित्याशी त्याचे नाते कोणते, यावर शब्दाशब्दाची झोंबाझोंबी झाली. एका ग्रीक अक्षराच्या फरकावरून माणसे पाखंडी ठरली. क्रुसाबद्दल मात्र श्रद्धासूत्रात इतकेच आले, की पंतय पिलाताच्या कारकिर्दीत तो आपल्यासाठी क्रुसावर खिळला गेला. रोमन सुभेदाराचे नाव पक्के नोंदले गेले, मरणाने काय साधले हे मोकळे राहिले. मला हे मोकळे राहणे फार मोलाचे वाटते. का, ते पुढे येईलच.

आधी क्रूस म्हणजे काय ते ध्यानात घेऊ. आज तो सोन्याच्या साखळीत गळ्यात दिसतो. रोमन जगात ती गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा होती. स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर, इसवीसनापूर्वी 71 साली, कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्यावर सुमारे सहा हजार गुलाम क्रुसांवर लटकवले गेले. रोममध्ये पॅलेटाइन टेकडीवरच्या एका भिंतीच्या गिलाव्यावर कुणीतरी कोरलेले जुने चित्र मिळाले आहे. क्रुसावर एक देह आहे, त्याला डोके गाढवाचे, आणि खाली एक माणूस हात वर करून उभा. शेजारी अशुद्ध ग्रीकमध्ये लिहिले आहे, की अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतो आहे. कुण्या ख्रिस्ती माणसाची केलेली ही टवाळी. क्रुसाच्या सर्वात जुन्या चित्रांपैकी एक म्हणून तिचे नाव घेतात.

अशा मरणाला अर्थ द्यायचा तर हाताशी होते ते सगळे वापरावे लागले. संत पौलाची पत्रे वाचा. एका ठिकाणी तो मंदिरातल्या बलीची भाषा बोलतो, दुसरीकडे गुलामाला पैसे भरून सोडवण्याची, तिसरीकडे न्यायासनाची, चौथीकडे विजयी मिरवणुकीची. या सगळ्यांचा मेळ घालत बसण्याची त्याला निकड वाटलेली दिसत नाही. शुभवर्तमानांतही येशू मरताना काय म्हणाला ते चारही ठिकाणी सारखे नाही. मार्क आणि मत्तय यांच्याकडे देवाने टाकल्याचा आकांत आहे, लूककडे आत्मा पित्याच्या हाती सोपवणे आहे, योहानाकडे काम पुरे झाल्याचे समाधान आहे.

पुढच्या पिढ्यांनी यातली एकेक भाषा उचलली आणि ताणली. खंडणीचेच पाहा. माणूस सैतानाच्या कैदेत, येशूचा जीव ही सुटकेची खंडणी, असे अनेकांनी मांडले. चौथ्या शतकात नीसाच्या ग्रेगरीने त्यावर चक्क मासेमारीचे रूपक चढवले. येशूचे माणूसपण हे आमिष, आत देवपणाचा गळ. सैतानाने घास घेतला आणि तो अडकला. ऐकायला मजा वाटते, पण देवाने सैतानाला फसवून माणूस सोडवला, हे जरा अवघडच झाले. त्याचाच मित्र, नाझियान्झसचा ग्रेगरी, यावर चिडला. खंडणी दिली तरी कुणाला, असे त्याने विचारले. दरोडेखोराला द्यायची, तीही देवाच्या रक्ताने? आणि पित्याला दिली म्हणावे, तर आपण काही पित्याच्या कैदेत नव्हतो. या प्रश्नापुढे खंडणीचा हिशेब जुळत नाही.

तो जुळवायला निघाला आन्सेल्म. जन्म इटलीतल्या आओस्ताचा, पुढे कँटरबरीचा आर्चबिशप. इंग्लंडच्या राजाशी बिनसल्यामुळे तो देश सोडून इटलीत राहिला होता, तिथे 1098 साली त्याने आपला ग्रंथ पुरा केला. देव माणूस का झाला, हा त्याचा विषय. सगळा ग्रंथ बोसो नावाच्या शिष्याशी संवादाच्या रूपात आहे, आणि हा बोसो काही नंदीबैल नव्हे. प्रभूने नुसती क्षमा करून टाकायला काय हरकत होती, असे तो विचारतो. आन्सेल्म सैतानाला हिशेबातून काढूनच टाकतो. पाप म्हणजे देवाला देणे असलेला मान न देणे. ज्याचा अवमान झाला तो जितका थोर, तितकी भरपाई मोठी. सरंजामी समाजात हे कुणाला समजावून सांगावे लागत नव्हते. देवाचा अवमान अमाप, म्हणून भरपाईही अमाप. ती द्यायची माणसाने, कारण देणेकरी तो. देऊ शकेल मात्र देवच. म्हणून जो देवही आहे आणि माणूसही, त्यानेच ती दिली.

इथे एक गल्लत नेहमी होते, तेव्हा जरा थांबतो. आन्सेल्मच्या मांडणीत येशूला शिक्षा होत नाही. शिक्षा किंवा भरपाई, दोहोंपैकी एक, असा त्याचा पर्याय आहे, आणि येशू भरपाई देतो म्हणून शिक्षा टळते. आपल्या वाट्याची शिक्षाच येशूने भोगली, हा विचार ठळक झाला तो सोळाव्या शतकात, ल्यूथर आणि कॅल्व्हिन या प्रोटेस्टंट सुधारकांच्या काळात. कॅल्व्हिनचे शिक्षण कायद्याचे. त्याच्या हाती सरंजामदाराचा दरबार जाऊन न्यायालय आले. गुन्हा आहे, शिक्षा ठरलेली आहे, आणि निर्दोष माणूस गुन्हेगाराच्या जागी उभा आहे. अमेरिकेतल्या समितीला खटकलेली ओळ या घराण्यातली. आन्सेल्मवर त्याचे खापर फोडणे बरोबर नाही.

आन्सेल्मनंतर जेमतेम एका पिढीने पॅरिसच्या पीटर अबेलारने हा सगळा हिशेबच नाकारला. हेलोइजच्या प्रेमकथेमुळे त्याचे नाव पुष्कळांना ठाऊक असते. पौलाच्या रोमकरांस पत्रावर भाष्य करताना तो विचारतो, निर्दोषाचे रक्त किंमत म्हणून मागणे हे किती क्रूर! आपल्याच मुलाच्या मरणाने देव प्रसन्न कसा होईल? त्याच्या मते क्रूस बदल घडवतो तो देवाच्या मनात नव्हे, माणसाच्या. इतके प्रेम पाहिल्यावर माणसाचे मन पाघळते, भीतीची जागा प्रीती घेते. क्लेअरव्होच्या मठाधिपती बर्नार्डला हे मुळीच मानवले नाही. क्रूस म्हणजे काय नुसता धडा, असे म्हणत त्याने पोपकडे तक्रार केली. 1141 च्या सुमारास सान्सच्या धर्मसभेत अबेलारची काही मते दोषी ठरली. दाद मागायला तो रोमकडे निघाला, पण वाटेत क्लूनीच्या मठातच त्याला आसरा घ्यावा लागला. 1142 साली तो वारला.

आजच्या सुशिक्षित श्रोत्याला अबेलार चटकन पटतो. मलाही पटतो. पण त्याच्या टीकाकारांचा आक्षेप बिनतोड आहे. कुणी विहिरीत बुडत असताना मी उडी टाकून मेलो तर ते प्रेम. कुणीच बुडत नसताना, 'पाहा माझे किती प्रेम आहे' म्हणून मी उडी टाकली, तर लोक मला वेडा म्हणतील. मरणाने काहीतरी साधले पाहिजे, तरच त्यातून प्रेम दिसेल. म्हणजे आन्सेल्मचा प्रश्न दाराशी उभाच.

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चला हे पाश्चात्त्य भांडण परके वाटते. त्यांच्या पुनरुत्थानाच्या चित्रात ख्रिस्त पाताळाची मोडलेली दारे पायाखाली तुडवत आदाम आणि हव्वा यांना थडग्यातून हात धरून ओढून काढतो. मृत्यूशी लढाई झाली आणि ती जिंकली, एवढे त्यांना पुरते. गुस्ताफ आउलेन या स्वीडिश पंडिताने 1930 साली म्हटले, की हेच पहिल्या हजार वर्षांतले मुख्य मत होते. त्याने चित्र जरा जास्तच साफसूफ केले, असे मला वाटते.

पण आउलेनच्या कितीतरी आधी एका चित्रकाराने क्रुसाचा जो अर्थ लावला तो कुठल्याच सिद्धान्तात नीट बसत नाही. 1512 ते 1516 या काळात माथियास ग्रुनेवाल्डने इसेनहाइमच्या मठासाठी वेदीचे चित्रफलक रंगवले. ते आज फ्रान्समध्ये कोलमारच्या संग्रहालयात आहेत. या मठातले अँटनीपंथी साधू एका भयंकर रोगाच्या माणसांची सेवा करत. बुरशी लागलेल्या राय धान्याच्या भाकरीमुळे तो होई. हातपाय आगीत घातल्यासारखे जळत, काळे पडत, कापून काढावे लागत. चित्रातला ख्रिस्त हिरवट पडला आहे. अंगभर व्रण, कातडीत रुतलेले काटे, बोटे वेडीवाकडी ताणून आभाळाकडे गेलेली. रोग्यांना या चित्रापुढे आणत असत. आपल्या अंगावरचे व्रण त्यांना क्रुसावर दिसत. त्या माणसांनी भरपाई आणि शिक्षा यांतला फरक कधी विचारला असेल, असे वाटत नाही.

हीच वाट विसाव्या शतकात जर्मन धर्मशास्त्रज्ञ युर्गेन मोल्टमानने धरली. 1943 साली हँबुर्गवर बॉम्ब पडले तेव्हा तो शाळकरी वयात विमानविरोधी तोफेवर होता. शेजारचा मित्र जागीच छिन्नविच्छिन्न झाला, हा वाचला. पुढे युद्धकैदी म्हणून स्कॉटलंडमध्ये असताना कुणी बायबल हाती दिले, आणि मार्कच्या शुभवर्तमानातला तो आकांत वाचून त्याला वाटले, हा आपल्याला ओळखतो. 1972 साली त्याचा 'क्रुसावरचा देव' हा ग्रंथ आला. देव क्रुसापासून दूर, न्यायासनावर बसलेला नाही. तो स्वतः त्या वेदनेत आहे, हे त्याचे म्हणणे. आपल्याकडे अरविंद निर्मळ यांनी 1981 साली बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातल्या भाषणाने दलित ख्रिस्ती विचाराला तोंड फोडले. चिरडलेला, मोडलेला, तोडून बाहेर टाकलेला तो क्रुसावरचा येशूच दलित, असे ते मांडत. अमेरिकेत धर्मशास्त्रज्ञ जेम्स कोन यांनी 2011 सालच्या पुस्तकात काळ्या माणसांना झुंडीने ज्या झाडांवर फासावर लटकवले ती झाडे क्रुसाशेजारी ठेवून दाखवली. आणि मराठी माणसाला रेव्हरंड ना. वा. टिळक कसे विसरता येतील? तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. त्यांच्या भजनांत मला न्यायालय फारसे दिसत नाही, माउली दिसते.

इतके अर्थ नांदू शकले, कारण धर्मसभांनी एकाला शिक्का मारला नाही. हे मोकळे राहणे मोलाचे म्हणालो ते यासाठी. पण कुठलाही अर्थ चालेल असे मी म्हणणार नाही. अर्थ माणसांच्या घरापर्यंत जातात. रिटा नाकाशिमा ब्रॉक आणि रेबेका पार्कर या दोन अमेरिकी अभ्यासक स्त्रियांनी 2001 साली एक पुस्तक लिहिले. पार्कर तरुण पाळक असतानाची त्यातली एक हकिकत अशी. एक बाई त्यांच्याकडे आली. नवरा मारहाण करत होता. वीस वर्षांपूर्वी तिने आपल्या धर्मगुरूला विचारले होते, तेव्हा उत्तर मिळाले होते, की या दुःखात आनंद मान, त्याने तू येशूच्या जवळ जातेस, त्यानेही प्रेमापोटीच क्रूस सोसला. ती वीस वर्षे सोसत राहिली. आता नवरा मुलांवर हात टाकू लागला होता. तिने पार्करना विचारले, धर्मगुरूने सांगितले ते खरे आहे का? पार्कर गोंधळल्या, कारण जे धर्मशास्त्र त्या शिकल्या होत्या त्यात याचे सरळ उत्तर 'होय' असे निघत होते. तरी त्या म्हणाल्या, नाही, हे खरे नाही. त्या बाईने संध्याकाळचे वर्ग लावून कामाचे शिक्षण घेतले, आणि पुढे मुलांना घेऊन वेगळे बिऱ्हाड केले.